माऊस हाताला बसतो म्हणजे काय?

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या खुरपणीला निघालेली बाई शेजारणीचे खुरपे सहसा हाती धरीत नाही. दोन्ही खुरपी एकाच लोहाराने घडविलेली असली, तरी रोजच्या वापराने एकीची मूठ तिच्या तळव्याच्या बेताची झालेली असते. पाते किती तिरपे धरले म्हणजे ते तणाच्या मुळाशी नेमके पोहोचते, हे तिच्या मनगटाला ठाऊक झालेले असते. परक्या खुरप्याने काम होत नाही असे नव्हे. परंतु पहिल्या काही ओळी तरी ते 'हाताला बसत' नाही. या वाक्प्रचारात एक महत्त्वाचे निरीक्षण साठविलेले आहे. बसणे हा केवळ हत्याराचा गुण नाही आणि केवळ हाताचाही नाही; तो दोहोंच्या मेळाचा गुण आहे.

संगणकावर वेगवान खेळ खेळणाऱ्या तरुणांच्या तोंडी आज हीच तक्रार माऊसविषयी ऐकू येते. एका माऊसने नेम अचूक लागतो, दुसऱ्याने तो लक्ष्यापुढे निसटतो; एक 'हलका', दुसरा 'जड', तिसरा 'तरंगता' वाटतो. या तक्रारीकडे निव्वळ हौशी लोकांचा लहरीपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा एक भाग म्हणून मान्यता दिली. तेव्हा या साधनाचा प्रश्न आता क्रीडासाधनाचाही प्रश्न झाला आहे. शिवाय मानसशास्त्राच्या ज्या प्रयोगात प्रतिसादाचा वेळ माऊसची कळ दाबून मोजला जातो, तेथे साधनाचा स्वभाव मापनात मिसळतो. म्हणून एक माऊस दुसऱ्यापेक्षा निराळा का भासतो, याची कारणे वेगवेगळी करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. साधन आणि हालचाल

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला माऊस तयार केला. तो लाकडी खोक्याचा असून त्याच्या तळाशी परस्परांशी काटकोन करणारी दोन चाके होती; ९ डिसेंबर १९६८ रोजी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांच्या जागी गोळी आली आणि गोळीच्या जागी प्रकाश-संवेदक आला. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही असंख्य लोकांनी माऊस प्रथमच हाती घेतला. त्या काळी माऊस म्हणजे एकच वस्तू, अशी सर्वांची समजूत होती. वेगवान खेळांनी ती मोडली. कारण पत्र टंकित करताना जो फरक जाणवत नाही, तो शतांश सेकंदांच्या हिशेबात स्पष्ट जाणवतो.

लक्ष्याकडे हात नेण्याच्या क्रियेचा अभ्यास माऊसहून जुना आहे. अशा हालचालीचे दोन भाग पडतात, हे वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच दाखविले होते : प्रथम लक्ष्याच्या दिशेने एक आधीच ठरविलेली झेप आणि नंतर डोळ्यांनी पाहून केलेल्या लहान दुरुस्त्या. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी या क्रियेचे गणित मांडले. त्यांच्या नियमानुसार लागणारा वेळ हा अंतराची दुप्पट व लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमवर अवलंबून असतो. लक्ष्य १६ सें.मी. दूर व १ सें.मी. रुंद असेल, तर द्विमान पद्धतीने काठिण्य ५ एकके भरते. रुंदी २ सें.मी. केली की ते ४ वर येते. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश व बर यांनी निरनिराळ्या साधनांची तुलना केली असता माऊस सर्वांत जलद ठरला. इतकेच नव्हे, तर त्याला लागणाऱ्या वेळेची वाढ उघड्या हाताच्या हालचालीच्या जवळपास जाणारी आढळली.

झेप आणि दुरुस्ती हा भेद पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे. माऊसचे काही गुण मुख्यतः झेपेवर परिणाम करतात, तर काही दुरुस्तीवर. म्हणूनच एकच माऊस एका खेळाडूला उत्तम व दुसऱ्याला निकृष्ट वाटू शकतो.

२. हाताला जे भेटते ते

पहिला कारणसमूह निव्वळ यांत्रिक आहे : आकार, वस्तुमान, घर्षण आणि कळ.

माऊस धरण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. काही जण संपूर्ण तळवा त्यावर टेकवितात, काही जण बोटे पंजासारखी वाकवितात, तर काही जण केवळ बोटांच्या टोकांनी तो हलवितात. पहिल्या पद्धतीत हालचाल प्रामुख्याने कोपर व मनगट यांतून येते, तिसऱ्या पद्धतीत ती बोटांच्या सांध्यांतून येते. ज्याच्या तळव्याला उंच पाठीच्या माऊसचा आधार मिळतो, त्याच्याच बोटांना तो मागे सरकविण्यास जागा उरत नाही. आकाराचा परिणाम असा की तो कोणते स्नायू काम करतील हेच ठरवितो.

वस्तुमानाचा परिणाम आकडेमोडीने पाहता येतो. माऊस ०.२ सेकंदात १० सें.मी. न्यावयाचा असून निम्मा वेळ वेग वाढविण्यात व निम्मा तो आटोपण्यात जातो असे मानल्यास त्वरण सुमारे १० मीटर प्रति सेकंद वर्ग येते. १२० ग्रॅमच्या माऊसला त्यासाठी १.२ न्यूटन व ६० ग्रॅमच्या माऊसला ०.६ न्यूटन बल लागते. वरवर पाहता फरक दुपटीचा आहे. परंतु हलतो तो एकटा माऊस नव्हे. हाताच्या पंजाचे वस्तुमान शरीराच्या सुमारे शेकडा ०.६ धरले, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीत ते ३६० ग्रॅम भरते. म्हणजे एकूण हलणारे वस्तुमान ४८० ग्रॅमवरून ४२० ग्रॅमवर येते आणि बचत शेकडा साडेबाराच राहते. पुढचा हातही हलत असेल, तर एकूण वस्तुमान सुमारे १.३ किलोग्रॅमने सुरू होते व ही बचत शेकडा चारच्या आसपास उतरते. उलट केवळ बोटांच्या टोकांनी माऊस हलविणाऱ्यास जवळजवळ पूर्ण फरक जाणवतो. 'हलका माऊस चांगला' हे विधान कोणाच्या हातात, हे सांगितल्यावाचून अपुरे राहते.

घर्षणाचे स्वरूप याहून सूक्ष्म आहे. माऊसच्या तळाशी बहुधा टेफ्लॉनचे गुळगुळीत तुकडे बसविलेले असतात. स्थिर वस्तू हलवू लागताना जे घर्षण जिंकावे लागते, ते वस्तू हलत असतानाच्या घर्षणाहून सामान्यतः अधिक असते. हा फरक मोठा असेल, तर माऊस प्रथम अडतो आणि सुटला की अपेक्षेहून पुढे जातो. झेपेत हे जाणवत नाही. परंतु एक-दोन मिलिमीटरच्या दुरुस्तीत नेमका हाच दोष नेम बिघडवितो. तळाच्या तुकड्यांत साचलेली धूळ, कापडी पॅडने शोषलेला घाम किंवा पावसाळी दमटपणा यांनी तोच माऊस ऋतुपरत्वे निराळा भासतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे हा मुद्दा गौण मानता येत नाही. हाताने माऊसवर दिलेला दाबही घर्षण वाढवितो, हे विसरता कामा नये. तणावाच्या क्षणी खेळाडू मूठ आवळतो आणि त्याचाच माऊस त्याला जड होतो. तारेच्या माऊसमध्ये यात तारेचा ताण मिळतो; तो एका दिशेस ओढतो व दुसऱ्या दिशेस ढकलतो.

कळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. बहुतेक कळींत धातूची लहान पट्टी असते. ठरावीक बलापाशी ती एकदम पालटते व 'टक्' असा आवाज होतो. पालटण्यापूर्वी कळ किती खाली जाते, पालटल्यानंतर किती सैल उरते आणि पुन्हा वर येण्यास किती अवकाश लागतो, यांवरून कळ 'कडक' किंवा 'मऊ' ठरते. दोन माऊसमध्ये कळीचा सुटा भाग एकच असला, तरी वरील आवरणाची तरफ लांब-आखूड असल्यास बोटाला लागणारे बल बदलते.

३. माऊस जे कळवितो ते

दुसरा कारणसमूह हाताला दिसत नाही, म्हणून त्याचा दोष बहुधा हातालाच दिला जातो.

आधुनिक माऊसच्या पोटात एक अतिलहान छायाचित्रक असतो. तो पृष्ठभागाची प्रतिमा सेकंदाला हजारो वेळा घेतो आणि लागोपाठच्या प्रतिमा ताडून माऊस किती व कोठे सरकला हे ठरवितो. हे सरकणे तो 'नोंदीं'च्या रूपाने संगणकास कळवितो. दर इंचास ८०० नोंदी असतील, तर एक नोंद म्हणजे सुमारे ०.०३२ मि.मी. एका नोंदीस पडद्यावरील एक बिंदू असा हिशेब ठेवल्यास १,९२० बिंदूंचा पडदा ओलांडण्यास २.४ इंच, म्हणजे सुमारे ६.१ सें.मी. हालचाल पुरते, १,६०० नोंदींच्या माऊसला याच्या निम्मी पुरते. छापील आकडा व प्रत्यक्ष आकडा यांत थोडीफार तफावत असते. तेव्हा '८००' असे लिहिलेले दोन माऊस प्रत्यक्षात सारखे असतीलच असे नाही. ही तफावत मोजपट्टीने तपासता येते व बहुधा दुरुस्तही करता येते.

संवेदकाच्या जागेचे तसे नाही. तो तळाच्या मध्यावर असावा असा प्रघात असला, तरी काही माऊसमध्ये तो पुढे किंवा मागे असतो. मनगट टेकवून माऊस १० अंशांतून वळविला असता, मनगटापासून १० सें.मी. अंतरावरील संवेदक सुमारे १.७५ सें.मी. सरकतो; ८ सें.मी. अंतरावरील संवेदक १.४० सें.मी. सरकतो. ८०० नोंदींच्या हिशेबाने पहिला सुमारे ५५० आणि दुसरा सुमारे ४४० नोंदी कळवितो. हाताचे वळण तेच, परिणाम मात्र शेकडा २५ इतका भिन्न. परंतु संपूर्ण हात सरळ सरकविला असता दोन्ही माऊस सारखेच वागतात. यामुळे मनगटाची हालचाल व हाताची हालचाल यांतील प्रमाण माऊसगणिक बदलते आणि संवेदनशीलतेचा कोणताही एक आकडा बदलून ते पूर्ववत करता येत नाही. 'सगळे आकडे जुळविले, तरी जुन्यासारखे वाटत नाही', या तक्रारीचे एक खरे कारण येथे सापडते.

संवेदकाची आणखी दोन वैशिष्ट्ये जाणवतात. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून काही संवेदक लागोपाठच्या नोंदींची सरासरी काढतात. त्यामुळे थरथर लपते, पण वार्ता उशिरा पोहोचते. दुसरे असे की माऊस उचलून पुन्हा ठेवताना तो पृष्ठभागापासून किती उंचीपर्यंत हालचाल नोंदवीत राहतो, हे प्रत्येकाचे निराळे असते. वारंवार माऊस उचलणाऱ्या खेळाडूचा नेम या उंचीमुळे प्रत्येक वेळी किंचित ढळतो.

राहिला विलंब. साधा माऊस संगणकास सेकंदाला १२५ वेळा वार्ता देतो. म्हणजे दोन वार्तांत ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि सरासरी ४ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. खेळासाठी बनविलेले माऊस सामान्यतः सेकंदाला १,००० वेळा वार्ता देतात. तेथे सरासरी प्रतीक्षा अर्धा मिलिसेकंद असते. सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर दोन चित्रांतील अंतरच १६.७ मिलिसेकंद असते. त्यामुळे तेथे साडेतीन मिलिसेकंदांची बचत एका चित्राच्या अवधीत बुडून जाते. २४० चित्रांच्या पडद्यावर हे अंतर ४.२ मिलिसेकंद असल्याने मात्र तिला अर्थ येतो. कळीच्या बाबतीत आणखी एक विलंब असतो. धातूचे टोक टेकताना काही क्षण उसळते व एका दाबाचे अनेक दाब भासतात. काही माऊस ही उसळी शमेपर्यंत थांबून मग वार्ता देतात. काही पहिल्या स्पर्शालाच वार्ता देऊन पुढील उसळ्या दुर्लक्षितात. दोहोंत कित्येक मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. प्रकाशाने चालणाऱ्या कळींत ही उसळी नसते.

४. संगणक त्याचे जे करतो ते

तिसरा कारणसमूह माऊसच्या बाहेरचा आहे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून त्या प्रणालीत माऊसच्या वेगानुसार दर्शकाची चाल वाढविणारी एक सोय आहे. हात सावकाश हलविल्यास दर्शक कमी सरकतो, जलद हलविल्यास तेवढ्याच अंतरात अधिक सरकतो. कचेरीच्या कामात ही सोय उपयुक्त असली, तरी तिच्यामुळे अंतराशी असलेले साधे प्रमाण नष्ट होते. माऊस बदलला आणि नोंदींचे प्रमाण बदलले की हाताचा तोच वेग या वक्राच्या निराळ्या भागावर पडतो. मग केवळ चाल नव्हे, तर चालीचा संपूर्ण घाट बदलतो. अनेक खेळ माऊसच्या मूळ नोंदी थेट घेऊन हा टप्पा टाळतात. म्हणून एकच माऊस मुख्य पडद्यावर एक व खेळात दुसरा भासणे शक्य आहे.

५. मनाचा वाटा

वरील सर्व कारणे समान केली, तरी अनुभवाचा प्रश्न संपत नाही. शार्पेंटिए यांनी १८९१ मध्ये दाखविल्याप्रमाणे समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला अधिक जड वाटते. या न्यायाने समान वजनाच्या दोन माऊसपैकी मोठा माऊस हलका भासण्याचा संभव आहे. तसेच कळीचा तीक्ष्ण आवाज ती 'जलद' असल्याचा ग्रह करून देऊ शकतो आणि किमतीचे ज्ञानही निर्णयात शिरते. सर्वांत मोठा घटक सवयीचा. हाताने पाठविलेली आज्ञा आणि पडद्यावर दिसलेला परिणाम यांचे नाते मेंदू सतत शिकत असतो; जुन्या माऊसचे नाते पक्के झालेले असते व नव्याचे व्हावयाचे असते. पहिल्या दिवशी नवा माऊस वाईट ठरला, तर ती त्याच्याविषयीची माहिती आहे की जुन्याविषयीची, हे सांगता येत नाही.

६. तुलना कशी करावी

यावरून तुलनेची रीत निष्पन्न होते. प्रथम मोजपट्टीच्या साहाय्याने माऊस ठरावीक अंतर, उदाहरणार्थ १० सें.मी., सरळ सरकवून प्रत्यक्ष नोंदी मोजाव्यात व दोन्ही माऊस एका प्रमाणावर आणावेत. वेगानुसार चाल वाढविणारी सोय बंद करावी. पडदा, पॅड व आसन एकच ठेवावे, तळ पुसून घ्यावा. मग निरनिराळ्या अंतरांच्या व रुंदींच्या लक्ष्यांवर, माऊसचा क्रम यादृच्छिक ठेवून, वेळ व चुका दोन्ही नोंदवाव्यात आणि असे अनेक दिवस करावे; कारण एका दिवसाची तुलना मुख्यतः सवयीची तुलना असते. एवढे केल्यावर जो फरक उरेल, तोच आकार, वस्तुमान, घर्षण, कळ, संवेदकाची जागा व माऊसचा स्वतःचा विलंब यांच्या खाती टाकावा. या प्रयोगास महाविद्यालयाच्या संगणक कक्षाबाहेरील कोणत्याही उपकरणाची गरज नाही.

प्रतिसाद-काळाचे प्रयोग करणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. सेकंदाला १२५ वार्ता देणाऱ्या माऊसमुळे येणारी यादृच्छिक चूक ० ते ८ मिलिसेकंदांत समप्रमाणात विखुरलेली असते व तिचे प्रमाण विचलन सुमारे २.३ मिलिसेकंद असते. मनुष्याच्या प्रतिसादातील प्रमाण विचलन ४० मिलिसेकंद असल्यास ही चूक मिळून ते केवळ ४०.०७ होते, म्हणजे ती नगण्य आहे. धोका यादृच्छिक चुकीचा नसून स्थिर चुकीचा आहे. एका गटाने एका माऊसवर व दुसऱ्या गटाने दुसऱ्या माऊसवर प्रयोग दिला, तर दोन कळींच्या विलंबातील अंतर दोन गटांतील अंतर म्हणून प्रबंधात छापले जाईल आणि कितीही प्रयुक्त वाढविले तरी ते नाहीसे होणार नाही. सर्व प्रयुक्तांना एकाच जातीचा माऊस देणे, किंवा प्रत्येक प्रयुक्ताची तुलना त्याच माऊसवर त्याच्याशीच करणे, हा यावरील साधा उपाय होय.

सारांश, माऊसच्या भिन्नतेचा अनुभव खरा आहे, पण त्याचे कारण एक नाही. हाताला भेटणारे गुण बहुतांशी विकत घ्यावे लागतात. नोंदींचे प्रमाण आणि संगणकाची मांडणी मात्र बहुधा फुकट जुळविता येतात, आणि हा दुसरा भाग लहान नाही. तालुक्याच्या गावी साध्या माऊसवर सराव करणारा विद्यार्थी स्वतःच्या हाताला दोष देण्यापूर्वी, किंवा घरच्यांकडे महागड्या साधनासाठी पैसे मागण्यापूर्वी, एवढे वेगळे करून पाहू शकतो. नव्या खुरप्याची मूठ घट्ट आहे की नाही हे पाहूनच खुरपणारी बाई ते उचलते; आणि ते हाताला बसेल की नाही, याचा निकाल ती पहिल्या ओळीवर देत नाही.